आवाज जरा कमी करा!

‘आवाज जरा कमी करा!’ हे वाक्य दिवसातून एकदाही कानी पडत नाही, असे घर तुमच्या माहितीत असेल तर मला जरूर कळवा. मी मुद्दाम तिथे जाऊन चहा घेऊन येईन! आमच्याकडे तर हे वाक्य सकाळच्या भजनापासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत घरभर फिरत असते. कधी मी म्हणते, कधी आमचे हे म्हणतात, कधी शेजारच्या वहिनी खिडकीतून म्हणतात.

मध्यंतरी मंगरूळपीरहून एका भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, ‘मुलगी बारावीला आहे. घर तीन खोल्यांचे. मामंजी संध्याकाळी टीव्ही लावतात तो इतका मोठा, की पोरगी पुस्तक घेऊन गच्चीवर जाते. सांगितले की कमी करतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा वाढवतात. ते मुद्दाम करतात असे वाटते. काय करावे?’

‘मुद्दाम’ या शब्दाखाली बाईंनी ठळक रेघ ओढली आहे. खरे सांगू? त्या रेघेपाशी मी थबकलेच. कारण अगदी तशीच रेघ काही वर्षांपूर्वी मीही माझ्या मनात ओढली होती. म्हणून आज उपाय सांगण्याआधी आमच्या घरची गोष्ट सांगते.

मी लग्न होऊन वाशीमला आले ती १९८७ साली. तेव्हा वाशीम हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. जिल्हा झाला तो पुढे १ जुलै १९९८ ला. आमच्या गल्लीत दोनच टीव्ही, त्यातला एक आमच्याकडे. लाकडी पेटीतला, कृष्णधवल, दोन्ही बाजूंना सरकती दारे असलेला. छपरावर उंच अँटेना. पडद्यावर मुंग्या आल्या की एकाने वर चढून ती फिरवायची आणि दुसऱ्याने खालून ‘आली! गेली! आली!’ असे ओरडायचे.

‘रामायण’ त्याच वर्षी २५ जानेवारीला सुरू झाले होते. रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या बैठकीत पाय ठेवायला जागा नसे. आता तुम्हाला गंमत सांगते. आमच्या सासूबाईंना ते नुसते पाहून पुरत नसे, साठवून ठेवायचे असे. त्या वेळी टीव्हीवरचे चित्र साठवायचे तर व्हीसीआर हवा. तो आमच्या गल्लीत कुणाकडेच नव्हता. गणपतीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता भाड्याने यायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे दाखवून परत जायचा. मग सासूबाईंनी युक्ती काढली. टीव्हीसमोर स्टूल मांडायचे, स्टुलावर घडी घातलेला टॉवेल, त्यावर टेपरेकॉर्डर, आणि नव्वद मिनिटांची कॅसेट. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे, म्हणजे एका भागाला एक बाजू पुरे.

टेपरेकॉर्डरचा मायक्रोफोन त्याच्या अंगातच बसवलेला. तो टीव्हीचा आवाज टिपे आणि खोलीतले बाकी सगळेही टिपे. म्हणून टेप सुरू झाली की सासूबाईंचा हुकूम सुटे : पंखा बंद! मे महिन्यातल्या वाशीमच्या उन्हाळ्यात पंखा बंद! तीस-पस्तीस माणसे घामाने निथळत बसलेली, पण कुणाची चुळबूळ करायची प्राज्ञा नसे. लहान मूल रडले की त्याची आई उठून ओसरीवर जाई.

आणि ती टेप पुन्हा ऐकली जाई, बरं का! लाइट गेल्यामुळे ज्यांचा भाग बुडला असेल त्या बायका दुपारी येत. रिसोडच्या मावशी बाजाराला आल्या की हटकून ऐकून जात. गहू निवडता निवडता, तूर पाखडता पाखडता आम्ही ‘रामायण’ ऐकत असू. चित्र समोर नसले तरी कुणाचे काही अडत नसे. उलट आवाजच पुरेसा होई, चित्र ज्याच्या त्याच्या मनात. आज मला वाटते, त्या काळी आम्ही टीव्ही जितका पाहिला, तितकाच ऐकला.

पुढे दिवस पालटले. रंगीत टीव्ही आला, केबल आली, छत्री आली. मामंजी गेले. आणि २०१९ च्या दिवाळीला मुलाने भिंतीवर लावायचा मोठा, पातळ टीव्ही आणला. चित्र असे की साडीचे काठ मोजावेत. बैठकीतही नवी फरशी बसवली, छताला पीओपी केले, जुने जाड पडदे काढून जाळीदार लावले. घर कसे लखलखीत झाले.

पण सासूबाईंचे बिनसले. आवाज मोठा करा म्हणू लागल्या. मी करायची. थोड्या वेळाने, ‘अजून थोडा कर वं.’ मग जाहिरात लागली की घर दणाणून जायचे आणि मी धावत जाऊन कमी करायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, सगळे घरात कोंडले गेले, आणि २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मला वाटले, आता सासूबाईंची चंगळ आहे. पहिले काही दिवस त्या अगदी पुढे येऊन बसल्याही. पण एका खोलीत मुलाचे घरून चालणारे काम, दुसऱ्या खोलीत नातीची मोबाइलवरची शाळा. आवाज वाढवला की दोन्हीकडून ओरड. मी रिमोट माझ्याजवळच ठेवू लागले.

हळूहळू सासूबाईंनी बैठकीत येणे कमी केले. विचारले तर म्हणायच्या, ‘पाह्यलेलंच तं हाय सारं.’ मला ते खरे वाटले. मनातल्या मनात असेही वाटले, की बरे झाले, हट्ट सुटला. हो, हट्टच. माझ्या लेखी तो हट्टच होता. कारण स्वयंपाकघरात मी त्यांच्याशी बोलले तर त्यांना नीट ऐकू येई. फोनची घंटा ऐकू येई. दूधवाल्याची हाक माझ्याआधी त्यांना कळे. मग टीव्हीच तेवढा ऐकू येत नाही, हे कसे?

उलगडा केला तो माझ्या बारा वर्षांच्या नातीने. एक दिवस ती म्हणाली, ‘आजी, मोठी आजी टीव्ही पाहतच नाही. ती आपल्या तोंडाकडे पाहते. आपण हसलो की हसते.’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ बसून शांतपणे विचारले. त्या म्हणाल्या, ‘आवाज येते वं मले. पण बोलणं समजत नाही. किती खेपा विचारू तुम्हाले, काय म्हणे, काय म्हणे?’

आवाज येतो, पण बोलणे समजत नाही. सगळी मेख इथे आहे. ही गोष्ट कळली की पुढचे उपाय आपोआप सुचतात. म्हणून आधी ती नीट समजावून घेऊ.

कानाचे आणि अक्षरांचे

वय वाढते तसे कान सगळीकडून सारखे मंद होत नाहीत. आधी बारीक, तीव्र आवाज जातात. जाडे, खालचे आवाज बराच काळ टिकतात. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर जाडे आणि दणकट. पण स, श, त, थ, फ, क यांची धार बारीक आवाजात असते. साप, ताप, काप हे शब्द घ्या. वेगळे आहे ते पहिले अक्षरच. तेच बोथट झाले तर उरते नुसते ‘-आप’. मग साप निघाला की ताप आला, हे माणसाने ओळखायचे कसे? समोरासमोर बोलताना ओठ दिसतात, विषय ठाऊक असतो, म्हणून भागते. टीव्हीवर कॅमेरा फिरतो, पाठीमागे संगीत वाजते, दोघे एकदम बोलतात, आणि सगळे एकमेकांत मिसळते. आवाज वाढवला तर स्वरच आणखी मोठे होतात, अक्षराची धार तेवढी वाढत नाही. म्हणून ही माणसे वाढवतच जातात, आणि आपण म्हणतो मुद्दाम करतात.

आता दोष सगळा कानाचा नाही बरं का, टीव्हीचाही आहे. जुन्या लाकडी पेटीत ऐसपैस जागा होती. स्पीकर चांगला मोठा, आणि बहुधा पडद्याच्या बाजूला, आपल्याकडे तोंड करून बसवलेला. आजच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच उरली नाही. बहुतेक टीव्हींत तो लहानसा असतो आणि त्याचे तोंड खाली किंवा मागे भिंतीकडे असते. म्हणजे आपण पाहतो पुढे आणि टीव्ही बोलतो भिंतीशी! चित्र सुधारत गेले तसा अंगचा आवाज मात्र बारीक झाला.

तिसरी गोष्ट आपल्या घराची. गुळगुळीत फरशी, पीओपीचे छत, उघड्या भिंती यांवर आवाज आपटून पुन्हा पुन्हा परत येतो. एक शब्द संपायच्या आत त्याचा पडसाद पुढच्या शब्दावर चढतो. जुन्या घरातल्या सतरंज्या, गाद्या, खुंटीवरचे कपडे हा पडसाद पिऊन टाकत. आमच्या घरातही हेच झाले होते. लखलखीतपणाच्या नादात मीच सासूबाईंचे ऐकणे कठीण करून ठेवले होते.

आणि चौथी गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. जुने बोलपट वयस्कर माणसांना जास्त समजतात ते नुसते आवडीमुळे नाही. मराठीतला पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ सालचा. त्या काळच्या मायक्रोफोनची ताकद बेताची, म्हणून नट-नट्यांना शब्द न् शब्द सुटा उच्चारावा लागे. पुढे कित्येक वर्षे संवाद स्टुडिओत शांतपणे पुन्हा बोलून घेत. आता अनेक ठिकाणी अंगावर लपवलेल्या लहानशा मायक्रोफोनने जागेवरचेच बोलणे टिपतात. माणसे खऱ्या आयुष्यातल्यासारखी पुटपुटतात आणि वरून संगीताचा मारा. तरुण कानांना ते खरे वाटते, थकलेल्या कानांच्या हाती मात्र काही लागत नाही.

बिनपैशाचे उपाय आधी

१. टाळी वाजवून पाहा. बैठकीच्या मध्यभागी उभ्या राहून एक खणखणीत टाळी वाजवा. मागे ‘टण्ण’ असा आवाज रेंगाळला तर खोली घुमते आहे. खाली सतरंजी अंथरा, खिडकीला जाड पडदा लावा, टीव्हीच्या समोरच्या भिंतीपाशी दिवाण किंवा कापडी खुर्च्या ठेवा. आईच्या हातची एखादी गोधडी भिंतीवर टांगली तर शोभाही येते आणि घुमणेही कमी होते.

२. खुर्ची जवळ आणा. अंतर निम्मे झाले की कानावर येणारा आवाज चांगलाच वाढतो. सासूबाईंची खुर्ची मागच्या भिंतीपासून टीव्हीजवळ, थोडी बाजूला आणली. एवढ्यानेच आमचा आवाज बराच खाली आला.

३. टीव्हीच्या खाली आणि मागे गर्दी नको. फुलदाणी, फोटो, लेकीने केलेला क्रोशाचा रुमाल, सगळे हलवा. कोनाड्यात कोंबलेला टीव्ही डब्यात बोलल्यासारखा बोलतो.

४. रिमोटवर सेटिंगमध्ये ‘साउंड’ असे लिहिलेले असते तिथे जा. बऱ्याच टीव्हींत ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा बोलण्यासाठी वेगळी सोय असते, ती चालू करा. ‘बास’ कमी, ‘ट्रेबल’ थोडा जास्त ठेवा. ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ असेल तर तोही चालू करा, म्हणजे जाहिरातीत एकदम दणका बसत नाही. जाहिरातीचे चित्र वा आवाज अवाजवी मोठा नसावा असे केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतच म्हटले आहे. तरी जाहिरातवाले आवाज असा दाबून भरतात की सगळाच भाग सारखा मोठा वाटतो. मालिकेत निदान कुजबुज आणि ओरडणे यांत फरक असतो!

५. सेट-टॉप बॉक्सचा आवाज वेगळा आणि टीव्हीचा वेगळा. बॉक्सचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून कमी-जास्त टीव्हीवर करावे. संगीत मोठे पण बोलणे पुसट येत असेल, तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘डॉल्बी’ऐवजी ‘स्टीरिओ’ किंवा ‘पीसीएम’ करून पाहा. पुष्कळदा एवढ्यानेच संवाद वर येतात.

आधी कान, मग दुकान

उपकरण घ्यायला धावण्याआधी कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो आणि डॉक्टरांनी तो काढला की माणूस चकित होते. घरी मात्र काडी, पिन, गरम तेल असले प्रयोग अजिबात नकोत. कान-नाक-घशाचे डॉक्टर श्रवण तपासणी करून कोणते आवाज ऐकू येत नाहीत ते आलेखावर दाखवतात. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. श्रवणयंत्र सांगितले तर लाज कसली? चष्म्याची वाटते का? महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू केली, तीत पासष्ट वर्षांवरील आणि कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र, चष्मा अशा वस्तूंसाठी तीन हजार रुपये देण्याची तरतूद केली. सध्या अर्ज घेतात का, ते समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्यावे.

त्यानंतर दुकान. टीव्हीखाली ठेवायची लांबट पट्टी म्हणजे ‘साउंडबार’. तिचे तोंड आपल्याकडे असते हाच मोठा फायदा. ती घ्यायला जाताना तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या. दोन, दुकानदार धडधडणारे गाणे लावून दाखवेल; त्याला म्हणावे, ‘भाऊ, बातम्या लावा.’ तीन, डोळे मिटून ऐका आणि शब्द कळतात का ते पाहा. छातीत धडधड होण्यासाठी आपण पैसे मोजत नाही. जोडणी शक्यतो वायरने करा. टीव्हीच्या ज्या एचडीएमआय खाचेवर ‘एआरसी’ लिहिलेले असते तिथे. ब्लूटूथने बिनवायरचे जमते खरे, पण कधी कधी ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. ओठ पाहून शब्द ओळखणाऱ्या माणसाला हे फार त्रासदायक.

कुणाकडे पाच स्पीकरचे होम थिएटर असेल तर ध्यानात ठेवा, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. वायर उंदराने कुरतडली म्हणून किंवा मुलाने तो स्पीकर आपल्या खोलीत नेला म्हणून बोलणेच गायब झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वयस्कर माणसाच्या खुर्चीजवळ, कानाच्या उंचीवर एक लहानसा स्पीकर. आम्ही हाच केला. हेडफोनही चालतो, पण बऱ्याच टीव्हींत तो लावला की टीव्हीचा आवाज बंद पडतो आणि बाकीच्यांना मुके चित्र पाहावे लागते. दोन्ही एकदम चालतात का, हे सेटिंगमध्ये आधी पाहून घ्या.

हेडफोनबद्दल आणखी एक. मुलांच्या कानात हल्ली तो चिकटलेलाच असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच ऐकावा आणि मोबाइलचा आवाज साठ टक्क्यांच्या खाली ठेवावा. आज त्यांनी ‘आवाज कमी करा’ ऐकले नाही, तर पुढे त्यांना ‘मोठा करा’ म्हणायची वेळ येईल. आणि रात्री दहानंतर शेजाऱ्यांचाही विचार असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसाची ५५.

ती कॅसेट

आता गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. लहान स्पीकर आणल्यावर नातीला हुक्की आली, मोठ्या आजीच्या जुन्या कॅसेट लावून पाहायची. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्या होत्या. वाजवायचा टेपरेकॉर्डर ओळखीच्या एका रेडिओ दुरुस्ती करणाऱ्यांकडून मागून आणला. पट्टी आधी हाताने सैल केली, एकदा पुढे-मागे फिरवली, आणि ‘रामायणा’ची एक बाजू लावली.

भरत रामाची समजूत घालत होता. आवाज जरा कुबट, पण स्पष्ट. दोन मिनिटांनी एक बाई कुजबुजली, ‘अवं, दूध पाह्य!’ ती मी नव्हे, आमच्या थोरल्या जाऊबाई. आम्ही हसलो. मग एक जाड, खर्जातला आवाज आला, ‘मोठं कर थोडं. आयकू नाही येऊन राह्यलं.’

मामंजी! ते जाऊन किती वर्षे झाली. फोटो भिंतीवर आहे, पण आवाज कुठेच नव्हता. नणंदेच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आहे, त्यात ते दिसतात, पण व्हिडिओवाल्याने मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवली. ओठ हलतात, शब्द नाहीत.

आणि त्यांच्या मागोमाग टेपवर सासूबाईंचा चढा आवाज, ‘गप बसा वो, टेप चालू हाय!’

सासूबाईंनी ते ऐकले, आधी हसल्या. मग म्हणाल्या, ‘पुन्हा लाव.’ नातीने पुन्हा लावले. तिसऱ्यांदा लावले. मग त्या हळूच म्हणाल्या, ‘जिनात सारा जलम गेला त्याईचा. मशिनीपाशी. मले वाटे, मुद्दामच म्हणतात.’

मामंजी जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या खडखडाटात पंचवीस-तीस वर्षे काढलेला माणूस. यंत्रांच्या अशा आवाजाने कान जातात हे आज आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा घरात कुणालाच सुचले नाही. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे माझ्याजवळ तरी काय होते?

तुमच्या घरी अशा कॅसेट असतील तर उशीर करू नका. मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकच्या खुणा असतात, त्या मोडून टाका म्हणजे चुकून त्यांवर दुसरे काही भरले जाणार नाही. उन्हापासून, ओलाव्यापासून आणि स्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर, उभ्या ठेवा. बुरशी दिसली तर वाजवू नका, जाणत्याकडे द्या. एकदा चालू टेपरेकॉर्डर मिळाला की हेडफोनच्या खाचेतून वायरने संगणकात उतरवून घ्या आणि दोन ठिकाणी जपून ठेवा. व्हिडिओ कॅसेटचे काम तर आणखी घाईचे. नवे व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ साली उत्पादन थांबवले. आणि उतरवताना मधले खोकणे, हाका, भांड्यांचा आवाज हे ‘खराब’ म्हणून कापू नका. ‘रामायण’ पुन्हा मिळेल, २०२० मध्ये मिळालेच. दुधाकडे लक्ष द्या म्हणणारी बाई पुन्हा मिळणार नाही.

मंगरूळपीरच्या भगिनीला माझे सांगणे एवढेच : मामंजींना आधी कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. खुर्ची पुढे आणा, सतरंजी अंथरा, जमल्यास खुर्चीजवळ लहान स्पीकर ठेवा. मुलीच्या अभ्यासाची वेळ आणि त्यांच्या बातम्यांची वेळ दोघांना समोर बसवून ठरवा. आणि त्यांना एकदा विचारा, ‘आवाज येतो, की बोलणे समजते?’ उत्तर काय आले ते मला लिहून कळवा.

आमच्याकडे सध्या संध्याकाळी सातला सासूबाईंची खुर्ची भरलेली असते. आवाज निम्म्यावर असतो. मालिकेतल्या सुनेने काही आगळीक केली की त्यांची टीका आता वेळेवर येते, आमच्या हसण्याची वाट न पाहता. कालच त्या मला म्हणाल्या, ‘मोबाइल वाजून राह्यला तुह्या हातातला. आवाज कमी कर थोडा.’

मी लगेच कमी केला!